विकत घेतलेले यंत्र कोणाचे?

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. इतिहासाच्या शिक्षकाने एखाद्या शिलालेखावर किंवा सत्याग्रहावर लिहावे, हीच त्यांची अपेक्षा असणार. मी मात्र एका खेळण्यावर लिहिणार आहे. काही वर्षांपूर्वी मी आपल्या वसतिगृहातील नववीच्या एका विद्यार्थ्याला सर्वांदेखत एक शब्द वापरला होता. तो शब्द चुकीचा होता. जो शब्द चारचौघांत उच्चारला, तो चारचौघांतच मागे घ्यावा, असे मी वर्गात शिकवत आलो आहे.

रात्रीच्या फेरीत त्या विद्यार्थ्याच्या उशाखाली एक गेम कन्सोल सापडला. सोनी कंपनीच्या त्या यंत्राचे नाव प्लेस्टेशन पोर्टेबल. मुले त्याला ‘पीएसपी’ म्हणतात. वसतिगृहात अशी साधने आणण्यास मनाई आहे. तो जप्त करणे हे माझे कर्तव्य होते आणि त्याबद्दल मला आजही खेद नाही. मी चौकशी केली तेव्हा तो म्हणाला, “सर, मामांचा पीएसपी अपडेट करताना मध्येच बंद पडला होता. दुकानदाराने फेकून द्यायला सांगितलं. मी कस्टम फर्मवेअर टाकून चालू केला.” मला त्यातले फारसे काही उमगले नाही. कुठेतरी ऐकलेला ‘हॅकिंग’ हा शब्द तेवढा आठवला आणि मी म्हणालो, “म्हणजे चोरीचंच काम.” तो काही क्षण गप्प उभा राहिला. मग हळूच म्हणाला, “सर, पण मी चोरलं काय?”

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते शोधण्यासाठी मी पुढे बरेच वाचले, जाणत्यांना विचारले. त्यातून जे हाती आले, ते पालकांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहे.

आधुनिक गेम कन्सोलच्या पोटात कंपनीने बसवलेली एक मूळ आज्ञावली असते. यंत्र सुरू होताच तीच प्रथम जागी होते. पडदा, कळा, बॅटरी, मेमरी कार्ड या सर्वांचा कारभार तिच्याकडे असतो. तिला फर्मवेअर म्हणतात. या कारभाराखेरीज तिच्यावर पहारेकऱ्याचेही काम सोपवलेले असते. ज्या प्रोग्रॅमवर कंपनीच्या गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही असेल तोच आत सोडायचा, बाकीच्यांना दारातूनच परत पाठवायचे. कस्टम फर्मवेअर म्हणजे याच आज्ञावलीत हौशी तंत्रज्ञांनी फेरफार करून तयार केलेली आवृत्ती. यंत्राची इतर सारी कामे ती पूर्ववत करते; पहारेकऱ्याला मात्र सांगते, की यंत्राचा मालक ज्याला बोलावील त्यालाही आत येऊ दे. मग मालकाने स्वतः लिहिलेला छोटा खेळ, घड्याळ, पुस्तक वाचण्याचा प्रोग्रॅम असे काहीही त्या यंत्रावर चालू शकते. अशा घरगुती निर्मितीला या मंडळींनी ‘होमब्रू’ असे नाव दिले आहे.

पीएसपी डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये आणि मार्च २००५ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. जपानमधील पहिल्या यंत्रांतील १.०० या फर्मवेअरमध्ये हा पहारा जवळजवळ नव्हताच. काही महिन्यांतच हौशी प्रोग्रॅमरांनी आपले प्रोग्रॅम त्यावर चालवून दाखवले. कंपनीने नवी आवृत्ती आणून दार लावले. मंडळींनी दुसरी फट शोधली. ही चढाओढ पुढे अनेक वर्षे चालली. एकदा ‘टिफ’ प्रकारच्या चित्राची फाइल उघडताना यंत्र गोंधळते, हे कोणाच्या तरी लक्षात आले. एकदा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेतील एका खेळाच्या जतन केलेल्या नोंदीतून वाट सापडली. २००७ मध्ये ‘ल्यूमिनेस’ या साध्या कोड्यांच्या खेळातून वाट सापडताच त्या जुन्या खेळाला एकाएकी मागणी आली. २००६ पासून ‘डार्क अॅलेक्स’ या टोपणनावाच्या स्पॅनिश प्रोग्रॅमरने परिपूर्ण कस्टम फर्मवेअर देण्यास सुरुवात केली. कंपनीच्या नव्या सोयी कायम राहाव्यात आणि मालकाचे स्वातंत्र्यही राहावे, अशी त्यांची रचना होती. त्यासाठी तो पैसे घेत नव्हता.

या इतिहासातील एक प्रकरण आमच्या विद्यार्थ्याशी थेट संबंधित आहे. फर्मवेअर बदलताना वीज गेली किंवा फाइल बिघडली, तर यंत्र कायमचे निपचित पडते. अशा यंत्राला ही मंडळी ‘ब्रिक’ म्हणतात. ब्रिक म्हणजे वीट. हाती उरते ती विटेइतकीच उपयोगी वस्तू. २००७ मध्ये या मंडळींनी शोधून काढले, की पीएसपी सुरू होताना प्रथम बॅटरीचा अनुक्रमांक वाचतो. तो अनुक्रमांक एक ठरावीक आकडा असेल, तर यंत्र आपली बिघडलेली आज्ञावली बाजूला ठेवून थेट मेमरी स्टिकवरून सुरू होते. यंत्रे दुरुस्त करण्यासाठी ठेवलेला हा चोरदरवाजा ग्राहकाला कधी सांगितलेला नव्हता. हौशी मंडळींनी तो उघड केला, अशा बॅटरीला ‘पँडोराची बॅटरी’ हे नाव दिले आणि ती कशी बनवावी हे सर्वांना सांगितले. निकामी ठरवलेली अनेक यंत्रे त्यामुळे पुन्हा चालू झाली. पुढच्या मॉडेलांत कंपनीने हा मार्ग बंद केला. आमच्या विद्यार्थ्याने हेच केले होते. बॅटरी उघडून तिच्या आतील चिपचा एक बारीक पाय त्याने तोडला होता. पालकांना येथेच सांगितले पाहिजे, की लिथियमची बॅटरी उघडणे धोक्याचे आहे. ती पेट घेऊ शकते. जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय मुलाने हा उद्योग करू नये. मी त्याला त्या रात्री काही सुनवायचे होतेच, तर ते हे होते.

दुसरे उदाहरण पीएसपीनंतर आलेल्या प्लेस्टेशन व्हीटा या यंत्राचे. ते डिसेंबर २०११ मध्ये जपानमध्ये आले. त्याला बाजारातील साधे मायक्रोएसडी कार्ड चालत नसे; कंपनीचे खास मेमरी कार्डच घ्यावे लागे आणि ते तेवढ्याच क्षमतेच्या साध्या कार्डापेक्षा कितीतरी महाग होते. जुलै २०१६ मध्ये ‘हेन्काकू’ या नावाने व्हीटाचे कुलूप उघडले गेले. त्यानंतर खेळाचे कार्ड घालण्याच्या खाचेत बसणारा एक छोटा अडॅप्टर तयार झाला आणि त्यात साधे मायक्रोएसडी कार्ड चालू लागले. येथे कोणाचा खेळ चोरला गेला? आपल्याच यंत्रात आपल्याला परवडेल ते कार्ड घालता यावे, एवढीच मागणी होती.

आता इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझ्या आस्थेच्या मुद्द्याकडे येतो. मार्च २०२१ मध्ये सोनीने जाहीर केले, की प्लेस्टेशन ३, पीएसपी आणि व्हीटा यांची ऑनलाइन दुकाने बंद होतील. ग्राहकांनी आवाज उठवल्यावर पुढच्याच महिन्यात प्लेस्टेशन ३ आणि व्हीटा यांची दुकाने चालू ठेवण्याचा निर्णय झाला. पीएसपीवरून खरेदी करण्याची सोय मात्र जुलै २०२१ मध्ये संपली. निन्टेन्डो कंपनीच्या थ्रीडीएस या यंत्राच्या दुकानातील विक्री २७ मार्च २०२३ रोजी थांबली. एप्रिल २०२४ मध्ये त्या यंत्रावर दूरच्या मित्राबरोबर खेळण्याची कंपनीची सेवाही बंद झाली. जे खेळ केवळ त्या दुकानात होते, छापील पेटीत कधी आलेच नाहीत, ते नव्या खरेदीदाराला कायदेशीर मार्गाने मिळणे त्या दिवशी संपले. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात उपलब्ध नाहीत, असे तीत आढळले.

खेळ गेले तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. मीही पूर्वी तसेच म्हटले असते. परंतु इतिहासाच्या अभ्यासात एक गोष्ट शिकायला मिळते. कोणता कागद उद्या मोलाचा ठरेल, हे तो फाडणाऱ्याला कधीच ठाऊक नसते. तमाशाच्या जुन्या वह्या, जलशांची हस्तलिखिते, लहान गावांतून निघालेली पाक्षिके यांतील कितीतरी सामग्री रद्दीत गेली, कारण ज्यांच्या हाती कपाटे होती त्यांना ती जपण्याजोगी वाटली नाही. जी उरली, ती बहुधा कोणा हौशी माणसाच्या ट्रंकेत उरली. आजचे खेळ ही चित्रकार, संगीतकार, लेखक आणि प्रोग्रॅमर यांची एकत्रित निर्मिती आहे. ती जपण्याचे काम कंपन्यांनी केले तर उत्तमच. त्यांनी पाठ फिरवल्यावर हौशी मंडळी ते करीत असतील, तर त्यांना ग्रंथपालाच्या पंक्तीत बसवावे लागेल. थ्रीडीएसची बंद पडलेली ऑनलाइन सेवा स्वतःच्या सर्व्हरवर पुन्हा उभी करण्याचा ‘प्रेटेन्डो’ नावाचा प्रकल्प अशाच मंडळींनी चालवला आहे. कस्टम फर्मवेअर नसते, तर त्या जुन्या यंत्रांना या नव्या पत्त्याकडे वळवणे कठीण झाले असते.

भाषेची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. ‘फायनल फँटसी टाइप-झिरो’ हा खेळ ऑक्टोबर २०११ मध्ये पीएसपीसाठी केवळ जपानी भाषेत आला. इंग्रजी वाचकांनी वाट पाहिली आणि अखेर स्वतःच भाषांतर करून जून २०१४ मध्ये ते विनामूल्य दिले. थोड्याच दिवसांत कंपनीच्या हरकतीमुळे ते मागे घ्यावे लागले. पुढे २०१५ मध्ये कंपनीने मोठ्या कन्सोलसाठी इंग्रजी आवृत्ती काढली. पीएसपीच्या मालकाला मात्र आपल्या हातातल्या यंत्रावर तो खेळ समजून घेण्याचा अधिकृत मार्ग मिळाला नाही. जे आपल्या भाषेत नाही ते आपले नाही, हे दुःख मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आता दुसरी बाजू. ती झाकून ठेवली, तर हा लेख वकिली ठरेल. पहारेकऱ्याने दार उघडले, की होमब्रूबरोबर चोरीचा मालही आत येतो. पीएसपीवर फुकट खेळ उतरवून घेणाऱ्यांची संख्या मोठी होती, यात शंका नाही. पीएसपीच्या खेळांच्या विक्रीला याचा फटका बसतो, अशी तक्रार सोनीच्या अधिकाऱ्यांनी उघडपणे केली होती. खेळ बनवणारे सगळेच काही धनाढ्य नसतात. लहान गटाने दोन-तीन वर्षे खपून केलेला खेळ पहिल्याच आठवड्यात फुकट वाटला गेला, तर त्या गटाच्या घरची चूल कशी पेटावी? श्रमाचे मोल बुडवणे हा अन्यायच आहे, मग तो शेतावर होवो, कारखान्यात होवो की पडद्यावर. “मला परवडत नाही” हे दुःख खरे असते, पण म्हणून दुसऱ्याची मजुरी बुडवण्याचा हक्क मिळत नाही.

या मंडळींतील जाणत्यांनी हा भेद स्वतःच ओळखलेला दिसतो. निन्टेन्डो स्विच या यंत्राच्या चिपमधील एक मूलभूत दोष २०१८ मध्ये उघडकीस आला. यंत्र विकले गेल्यावर तो नव्या अपडेटने दुरुस्त करणे शक्य नव्हते. तो शोधणाऱ्यांनी प्रथम उत्पादकांना कळवले आणि नंतर जगाला सांगितले. त्या दोषाच्या आधारे ‘अॅट्मोस्फियर’ हे कस्टम फर्मवेअर तयार झाले. त्याचा सारा कोड खुला आहे आणि ते विनामूल्य आहे. त्याच काळात ‘टीम एक्झिक्युटर’ या टोळीने चोरीचे खेळ चालवण्याची साधने विकत देण्याचा धंदा मांडला. त्या टोळीतील एकाला फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत ४० महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. दोघांनी कुलूप एकच उघडले होते. एकाने आत जाऊन रचना समजून घेतली आणि इतरांना सांगितली. दुसऱ्याने आतला माल बाजारात मांडला. दोघांना एकाच नावाने हाक मारणे, ही माझी त्या रात्रीची चूक होती.

आपल्या देशाचा कायदाही हा भेद करतो, हे मला फार उशिरा कळले. कॉपीराइट अधिनियम १९५७ मध्ये २०१२ साली कलम ६५अ घालण्यात आले. तांत्रिक संरक्षण तोडणाऱ्यास त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला आहे. परंतु ते संरक्षण निर्मात्याच्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तोडलेले असले पाहिजे, अशी अट आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये, कायदेशीरपणे जवळ असलेल्या प्रोग्रॅमचे कार्य तपासून त्यामागील तत्त्वे समजून घेण्यास काही मर्यादेत मुभा दिलेली आहे. मी कायद्याचा पदवीधर नाही आणि कोणाला सल्ला देत नाही. एवढेच म्हणतो, की आपल्या कायद्याने हेतू विचारात घेतला. मी शिक्षक असूनही तो विचारला नाही.

अमेरिकेत स्थिती अधिक कडक आहे. तेथील १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडण्यालाच सामान्यतः मनाई केली असून दर तीन वर्षांनी काही सवलती ठरवल्या जातात. तेथील ग्रंथालयांनी आणि संग्रहालयांनी जपलेले जुने खेळ संशोधकांना दुरून पाहू देण्याची परवानगी मागितली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती नाकारण्यात आली. मे २०२५ मध्ये निन्टेन्डोने आपल्या अमेरिकी ग्राहकांच्या करारात बदल केला. यंत्रात मनाई केलेले फेरफार केल्यास ते यंत्र कायमचे निरुपयोगी करण्याचा हक्क कंपनीने त्यात स्वतःकडे घेतला आहे. या ठिकाणी मी थबकलो. ग्राहकाने पूर्ण किंमत मोजली, पावती घेतली, यंत्र घरी आणले. तरीही ते निकामी करण्याचा अधिकार विकणाऱ्याकडेच उरला. मग विक्री झाली ती कशाची? ज्याच्या जमिनीवर घाम गाळायचा पण सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, ही व्यवस्था आपल्या आजोबांनी पाहिली आहे. मालकीचे हे रूप त्यांनाही ओळखता आले असते.

म्हणून माझे मत असे आहे. जे यंत्र आपण विकत घेतले, ते उघडून पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि त्यावर आपण लिहिलेला प्रोग्रॅम चालवण्याचा हक्क मालकाचा असला पाहिजे. दुसऱ्याची निर्मिती मोबदला न देता घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क मात्र कोणालाही नाही. आणि उत्पादकाने दुकान बंद केले, सेवा थांबवली, तर ती निर्मिती जपणाऱ्यांच्या वाटेत त्याने उभे राहू नये. दुकानाबरोबर किल्लीही फेकून द्यायची आणि कुलूप उघडणाऱ्याला चोर म्हणायचे, हे न्यायाला धरून नाही.

या मंडळींची आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटली. तेथे माणसे टोपणनावाने वावरतात. कोणी कोणाला गाव, आडनाव, शाळा विचारत नाही; काय शोधलेस, कसे शोधलेस, एवढेच विचारतात. ज्याला जे सापडले ते तो लिहून ठेवतो, आणि पुढचा तेथून पुढे जातो. काहीही बदलण्यापूर्वी मूळ आज्ञावलीची प्रत काढून ठेवा, ही ताकीद ते नवख्याला वारंवार देतात. नियम न जुमानणारे आणि भांडखोर लोकही तेथे आहेतच. ते कोठे नसतात? परंतु जे ज्ञान दार लावून ठेवलेले होते ते मिळवून सर्वांसाठी खुले करायचे, ही वृत्ती आपल्या शाळेच्या भिंतींना परकी वाटू नये. खंत एवढीच, की असे तपशीलवार मार्गदर्शन मराठीत माझ्या पाहण्यात आले नाही. आमच्या त्या मुलाने सारे इंग्रजीत वाचले होते. इंग्रजीच्या तासाला तो मागच्या बाकावर असे, हे येथे नमूद करतो.

शाळेकडे आणि माजी विद्यार्थ्यांकडे माझे एक मागणे आहे. तुमच्या घरांतील माळ्यांवर जुने मोबाइल, जुने कन्सोल, बंद पडलेले संगणक पडून असतील. ते शाळेच्या संगणक कक्षास द्यावेत. तुमच्यापैकी जे अभियंते झाले आहेत, त्यांनी महिन्यातून एक दुपार येऊन मुलांसमोर ती यंत्रे उघडावीत. मुलांना फर्मवेअर म्हणजे काय ते कळू द्यावे आणि त्यावर स्वतःचा दहा ओळींचा प्रोग्रॅम चालवू द्यावा. त्याच दुपारी हेही शिकवावे, की यंत्र कोणाचे आहे, त्यात घातलेला माल कोठून आला आणि यातून कोणाची मजुरी बुडते का, हे प्रश्न स्क्रू फिरवण्यापूर्वी स्वतःला विचारायचे असतात. मुलांचे कुतूहल आपण जप्त केले, तर ते थांबत नाही. ते उशाखाली जाते आणि तेथे त्याला चूक-बरोबर सांगणारे कोणी नसते.

सुटी लागली तेव्हा त्या विद्यार्थ्याचे वडील त्याला न्यायला आले. मी कपाटातून तो पीएसपी काढून दिला आणि मुलाला म्हणालो, “पुन्हा असं करू नकोस.” त्याने मान डोलावली. आज तो कोठे आहे, मला ठाऊक नाही. ही स्मरणिका माजी विद्यार्थ्यांच्या घरी पोहोचणार आहे, म्हणून येथे लिहितो: बाळ, वसतिगृहाचा नियम तू मोडलास, ती तुझी चूक होती. पण तू चोरी केली नव्हतीस. बिघडलेले यंत्र तू दुरुस्त केले होतेस. माझा शब्द मी मागे घेतो. आणि ज्या दुपारीबद्दल वर लिहिले आहे, त्या दुपारी शिकवायला तू आलास, तर मी पहिल्या बाकावर बसेन.